भ्रमणध्वनीचा क्रमांक न बदलता सेवा कशी बदलावी

वसई तालुक्याचा पश्चिम पट्टा बागायतीसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, आगाशी या गावांतून केळी, पानवेल, भाजीपाला व फुले यांची लागवड पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. आगाशीकडची राजेळीची सुकेळी मुंबईच्या बाजारात नावाने मागितली जातात. या सर्व पिकांत सोनचाफ्याचे फूल अत्यंत नाजूक होय. ते पहाटे खुडावे लागते, आणि सकाळच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात पोचले तरच त्याला भाव येतो. दुपार उलटली की त्याचे मोल उरत नाही. असा माल किती न्यावा, कोणाकडे न्यावा आणि आज नेऊ नये की न्यावा, हे बहुतेक बागायतदार आता आदल्या रात्री किंवा भल्या पहाटे भ्रमणध्वनीवरच ठरवितात. व्यापाऱ्याच्या वहीत बागायतदाराच्या नावापुढे दहा आकडी क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक लागला नाही, तर व्यापारी थांबून राहत नाही. वहीतील दुसऱ्या ओळीकडे वळतो.

क्रमांकाचे महत्त्व बाजारापुरतेच नाही. गेल्या काही वर्षांत शेतीच्या जवळजवळ प्रत्येक सरकारी कामाला भ्रमणध्वनीची जोड मिळाली आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तिच्यात नोंद करताना शेतकऱ्याच्या क्रमांकावर सांकेतिक अंक येतो. पीएम-किसानची ई-केवायसी ओटीपीने करावयाची झाल्यास ओटीपी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो. कृषी योजनांच्या लाभासाठी राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला, आणि त्याच्या नोंदणीतही हाच क्रमांक लागतो. बँकेतील खाते, गॅसची नोंदणी, मुलांच्या शाळेची वही, सोसायटीचे पुस्तक, सर्वत्र तोच. सातबारावर ज्याप्रमाणे गट क्रमांक, त्याप्रमाणे व्यवहारात हा क्रमांक होऊन बसला आहे.

असे असूनही पुष्कळ शेतकरी, सध्याच्या कंपनीची रेंज वाडीत मिळत नाही किंवा रिचार्ज महाग झाला म्हणून, स्टेशनजवळच्या दुकानातून नवे सिमकार्ड घेतात आणि जुने टाकून देतात. मग दादरचा व्यापारी जुन्या क्रमांकावर फोन लावीत राहतो, बँकेचा संदेश जुन्या क्रमांकावर जातो, आणि अनुदानाच्या अर्जाचा ओटीपी कधीच न येणाऱ्या ठिकाणी पोचतो. यातला सर्वांत मोठा धोका पुढे आहे. बंद झालेला क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकास देते. ज्या क्रमांकावर शेतकऱ्याच्या बँकेचे संदेश जातात तो क्रमांक एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात जातो.

वस्तुतः क्रमांक टाकून देण्याचे कारणच नाही. क्रमांक तोच ठेवून कंपनी तेवढी बदलण्याची सोय आपल्या देशात पंधरा वर्षांहून अधिक काळ आहे. लोक तिला ‘पोर्ट करणे’ म्हणतात.

ही सोय कशी आली

ही कल्पना भारतात निघालेली नव्हे. सिंगापूरने १९९७ साली, हाँगकाँग व ब्रिटन यांनी १९९९ साली, आणि अमेरिकेने २४ नोव्हेंबर २००३ रोजी ती अमलात आणली. शेजारच्या पाकिस्तानातही ती २००७ पासून होती. भारतात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ साली त्याविषयीचे नियम केले. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात प्रारंभ झाला, आणि २० जानेवारी २०११ पासून ती सर्व देशात लागू झाली. तेव्हा एका अडचणीमुळे तिचा लाभ मर्यादित होता. ग्राहकास स्वतःच्या परिमंडळातच कंपनी बदलता येत असे. दूरसंचाराच्या हिशेबात मुंबई हे एक परिमंडळ आहे आणि महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. वसई-विरारसारख्या मुंबईच्या उंबरठ्यावरील भागात दोन्ही परिमंडळांचे क्रमांक वापरणारे लोक आढळतात. त्यांना ही मर्यादा जाचक होती. ३ जुलै २०१५ पासून ती उठली. आता कोणत्याही परिमंडळातून कोणत्याही परिमंडळात क्रमांक नेता येतो. २०२४ च्या अखेरीपर्यंत देशभरात अशा विनंत्यांची एकूण संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली होती. यावरून ही रीत किती रुळली आहे याची कल्पना येईल.

क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे जातो म्हणजे नेमके काय होते, असे शेतकरी विचारतात. याचे उत्तर फेरफाराच्या उदाहरणाने चांगले समजते. शेत जागेवरच असते, गट क्रमांकही तोच असतो. खरेदीखत झाले की फेरफार नोंदविला जातो आणि पुढचा शेतसारा नव्या नावाने लागतो. पूर्वी क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो कोणत्या कंपनीचा हे कळत असे. आता तसे कळत नाही. प्रत्येक क्रमांक सध्या कोणत्या कंपनीकडे आहे याची नोंद एका केंद्रीय माहितीकोशात ठेवली जाते. कोणी फोन लावला की त्याच्या कंपनीचे यंत्र प्रथम ती नोंद पाहते आणि मग हाक योग्य त्या कंपनीच्या जाळ्याकडे वळविते. म्हणून दादरच्या व्यापाऱ्यास आपल्या बागायतदाराने कंपनी बदलली याचा पत्ताही लागत नाही.

मुंबईचा एक धडा

या सोयीचे मोल मुंबईकरांनी २०१४ साली प्रत्यक्ष अनुभवले. मुंबई परिमंडळात १९९५ पासून बीपीएल मोबाईल या नावाने एक सेवा चालत होती; २००९ साली तिचे नाव लूप मोबाईल झाले. तिच्या परवान्याची मुदत २९ नोव्हेंबर २०१४ रोजी संपणार होती. फेब्रुवारीत एअरटेल ही सेवा विकत घेणार असे जाहीर झाले, त्या वेळी लूपचे सुमारे तीस लाख ग्राहक होते. ग्राहक स्वस्थ बसले, कारण त्यांना वाटले की आपले आपोआप होईल. नोव्हेंबरमध्ये तो करार बारगळला आणि अवघ्या काही आठवड्यांत लाखो लोकांना आपला क्रमांक वाचविण्यासाठी पोर्टची धावपळ करावी लागली. पुढे २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सची आवाजी सेवा बंद झाली, आणि जानेवारी २०१८ च्या अखेरीस एअरसेलने महाराष्ट्रासह सहा परिमंडळांतील सेवा गुंडाळली, तेव्हाही हाच प्रकार घडला.

यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. पोर्टची विनंती जुन्या कंपनीच्या जाळ्यावरूनच पाठवावी लागते. ते जाळेच बंद पडले, तर ग्राहकाच्या हातात सिमकार्डाचा एक निर्जीव तुकडा राहतो. एखादी कंपनी बंद होणार अशी घोषणा झाली की त्याच आठवड्यात हालचाल करावी.

आधी वाडीत चाचणी घ्यावी

बियाणे निवडताना शेतकरी शेजाऱ्याच्या शेतातील पीक पाहून येतो. कंपनी निवडतानाही हाच न्याय लावावा. दुकानदार ज्या कंपनीची वाखाणणी करतो तिची रेंज त्याच्या दुकानात उत्तम असते, यात नवल नाही. तो टॉवर स्टेशनपाशी असतो. वसईच्या पश्चिम भागात नारळ-पोफळीच्या दाट वाड्यांतून घर एका टोकाला आणि विहीर दुसऱ्या टोकाला असते, व दोन्ही ठिकाणी रेंज वेगळी लागते. पूर्वेकडे तुंगारेश्वरच्या डोंगराआड, पारोळ, उसगाव, भाताणे, मेढे या बाजूस तर एका उतारावर एक कंपनी चालते आणि दुसऱ्या उतारावर दुसरी. तेव्हा ज्या शेजाऱ्याकडे त्या कंपनीचे सिम आहे त्याला आपल्या घरी, आपल्या शेतात आणि शक्य तर सकाळच्या गाडीतही बोलावयास लावून पाहावे. ट्रायच्या २०२४ च्या सेवागुणवत्ता नियमांप्रमाणे कंपन्यांना आपल्या जाळ्याच्या व्याप्तीचा नकाशा संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो पाहण्यास हरकत नाही, तथापि नकाशापेक्षा शेजाऱ्याचा फोन अधिक विश्वासाचा.

दुसरी गोष्ट हातातील यंत्राची. अनेक वयस्क शेतकऱ्यांकडे बटणांचा साधा फोन असतो. जिओचे जाळे केवळ ४जी व त्यापुढील तंत्राचे असल्याने केवळ २जीवर चालणारा जुना बटणांचा फोन तेथे उपयोगी पडत नाही. बीएसएनएलने आपले स्वदेशी ४जी जाळे २७ सप्टेंबर २०२५ रोजी अधिकृतपणे देशास अर्पण केले. ते मुख्यतः ७०० व २१०० मेगाहर्ट्‌झ या लहरींवर चालते. काही जुन्या ४जी फोनना ७०० ची लहर घेता येत नाही, आणि मग नवे सिम घातल्यावरही रेंज अपुरीच दिसते. यास कंपनीचा दोष म्हणता येणार नाही. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी जाणत्या तरुणाकडून आपला फोन कोणत्या लहरी घेतो हे तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट पैशाची. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा बीएसएनएलकडे जाणाऱ्यांचा लोंढा सुरू झाला. दर हे कारण रास्त आहे. परंतु ज्याला इंटरनेट लागतच नाही अशा शेतकऱ्याने कंपनी बदलण्यापूर्वी आपल्याच कंपनीकडे केवळ बोलणे व संदेश यांचे रिचार्ज मागावे. असे किमान एक रिचार्ज ठेवणे ट्रायने डिसेंबर २०२४ च्या नियमांनी सर्व कंपन्यांवर बंधनकारक केले आहे, आणि जानेवारी २०२५ पासून ती मिळू लागली. दुकानदार ते आपणहून क्वचितच सांगतो. त्यात त्याची दलाली कमी असते, असे लोक म्हणतात.

प्रत्यक्ष रीत

विचार पक्का झाला की पुढील काम फारसे कठीण नाही. ज्या क्रमांकाची कंपनी बदलावयाची त्याच फोनवरून १९०० या क्रमांकावर एक संदेश पाठवावा. संदेशात इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द (पी, ओ, आर, टी ही चार अक्षरे) लिहून एक जागा सोडावी आणि आपला दहा आकडी क्रमांक लिहावा. थोड्या वेळात १९०१ वरून उत्तर येते. त्यात अक्षरे व अंक मिळून आठ चिन्हांचा एक संकेत असतो. त्याला यूपीसी म्हणतात. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येकडील राज्यांत तीस दिवस. १६ डिसेंबर २०१९ पासून नियम असा की, ग्राहक पात्र आहे की नाही हे आधी तपासून मगच हा संकेत दिला जातो. म्हणून संकेत आला म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे, आणि न आल्यास संदेशात दिलेले कारण वाचावे.

कित्येकांच्या फोनमध्ये फक्त येणाऱ्या फोनची मुदत शिल्लक असते, जाणारा संदेश पाठविता येत नाही. अशांना पोर्ट करावयाचे असेल तर आधी मोठे रिचार्ज करावे लागेल, असे २०२१ पर्यंत काही ठिकाणी घडत होते. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने सर्व कंपन्यांना आदेश दिला की, कोणतेही रिचार्ज असले तरी १९०० वर पोर्टचा संदेश पाठविण्याची सोय राहिली पाहिजे. तेव्हा दुकानदाराने ‘आधी मोठे रिचार्ज मारा’ असे सांगितल्यास त्यास हा आदेश दाखवावा.

संकेत हातात आला की ओळखपत्र व आधार घेऊन नव्या कंपनीच्या अधिकृत दुकानी जावे. कागदी अर्जाची पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली आहे. दुकानदार छायाचित्र घेतो आणि आधारच्या बोटांच्या ठशाने किंवा ओळखपत्राच्या डिजिटल प्रतीने पडताळणी करतो. येथे ज्या गोष्टीकडे बारीक लक्ष द्यावे ती ही, की ठसा एकदाच द्यावा. ‘नीट लागला नाही, पुन्हा द्या’ असे म्हणून दोनदा ठसा घेऊन दुसरेही सिम त्याच नावावर काढण्याचे प्रकार देशात घडले आहेत. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. ते १६ मे २०२३ रोजी सुरू झाले. न ओळखीचे सिम दिसल्यास तेथेच त्याची तक्रार करता येते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीच्या वेळी ही तपासणी करवून घेतल्यास एकाच बैठकीत दोन कामे होतात.

पोर्टचे शुल्क ट्रायने ठरविल्याप्रमाणे जास्तीत जास्त ६ रुपये ४६ पैसे आहे, आणि बहुधा नवी कंपनी तेही घेत नाही. दुकानदाराने ‘पोर्टचे शंभर’ मागितल्यास ते पैसे पोर्टचे नव्हेत, हे त्यास स्पष्ट सांगावे. नव्या कंपनीच्या पहिल्या रिचार्जचे पैसे अर्थात वेगळे.

नवे सिम मिळाले तरी ते लगेच घालू नये. जुने सिम फोनमध्ये तसेच राहू द्यावे. एकाच परिमंडळात तीन कामकाजाच्या दिवसांत आणि दोन परिमंडळांच्या दरम्यान किंवा कंपनीच्या नावावरील क्रमांक असल्यास पाच कामकाजाच्या दिवसांत बदल होतो. नेमकी तारीख व वेळ संदेशाने कळविली जाते. बदल सामान्यतः रात्री होतो, आणि त्या वेळी सुमारे चार तासांपर्यंत फोन पूर्ण बंद राहू शकतो. जुन्या सिमची रेंज गेली की नवे घालावे. मन बदलल्यास अर्ज केल्यापासून चोवीस तासांच्या आत इंग्रजीत ‘कॅन्सल’ शब्द व आपला क्रमांक १९०० वर पाठवून विनंती मागे घेता येते.

या चार तासांचा विचार करूनच दिवस निवडावा. फुलांचा बागायतदार गणपती, दसरा किंवा दिवाळीच्या आठवड्यात पोर्ट करील, तर ऐन भावाच्या पहाटे त्याचा फोन बंद सापडण्याचा संभव आहे. नायगाव, अर्नाळा येथील कोळी बांधवांनीही बोट समुद्रात असताना हे काम काढू नये. पावसाळी बंदीचा काळ त्यास उत्तम. प्रीपेडवरील शिल्लक रक्कम व रिचार्जची उरलेली मुदत नव्या कंपनीत येत नाही. म्हणून रिचार्ज संपण्याच्या तीन-चार दिवस आधी अर्ज केल्यास नुकसान कमी होते. बदल झाल्यावर पैसे देण्याघेण्याचे अ‍ॅप सिमची पुन्हा पडताळणी मागू शकते. त्यासाठी बँकेचे कार्ड किंवा आधार जवळ ठेवावे आणि त्या दिवशी कोणाचे पैसे चुकते करावयाचे असल्यास आधीच करून टाकावेत. आधार, बँक व पीएम-किसान यांच्याशी क्रमांकाची जोड मात्र तशीच राहते. ती नव्याने करावी लागत नाही. सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

जेथे काम अडते

अर्ज नाकारला जाण्याची कारणे ठरलेली आहेत. क्रमांक सुरू होऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट होऊन नव्वद दिवस झाले नसतील, तर संकेत मिळत नाही. पोस्टपेडचे देय झालेले बिल थकले असेल तरी मिळत नाही. पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचे शेवटचे बिल न भरल्यास नवी कंपनी सेवा थांबवू शकते, हेही ध्यानात असावे. क्रमांकाविषयी न्यायालयात वाद चालू असल्यास किंवा मालकी बदलाचा अर्ज प्रलंबित असल्यासही अडते. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली आहे. हरवलेल्या किंवा निकामी झालेल्या सिमच्या जागी दुसरे सिम घेतले असेल, तर त्यानंतर सात दिवसांपर्यंत संकेत मिळत नाही. ही अट त्रासदायक वाटली तरी ती ग्राहकाच्या हिताची आहे. चोर बनावट कागदांनी दुसऱ्याचे सिम काढून लगेच तो क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेत आणि बँकेचे ओटीपी मिळवीत. आता मूळ मालकास जागे होण्यास आठवडा मिळतो.

परंतु वसईच्या ग्रामीण भागात सर्वांत अधिक अडणारे काम वेगळेच आहे. सिम एकाच्या नावावर आणि वापर दुसऱ्याचा. कोठे ते मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर असते, कोठे माहेरच्या भावाच्या, आणि पुष्कळ घरी ते दिवंगत वडिलांच्या नावावर असते. वडील जाऊन सहा-सात वर्षे झाली, सातबारावर वारसांची नोंदही झाली, पण सिमकार्ड तसेच चालू आहे, कारण रिचार्ज होत राहिले. नव्या कंपनीत पडताळणीसाठी नोंदणीकृत मालकच लागतो. वडिलांच्या नावावरील क्रमांक वारसास आपल्या ठशाने नेता येत नाही. तेव्हा आधी सध्याच्या कंपनीकडे मृत्यूचा दाखला व वारसाची ओळखपत्रे देऊन क्रमांक आपल्या नावावर करून घ्यावा, तो बदल पुरा होऊ द्यावा, आणि मग पोर्टचा संदेश पाठवावा. दोन्ही अर्ज एकाच वेळी करणारे हमखास अडकतात. जे वारस जमिनीच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे खेपा घालतात, त्यांनी त्याच कागदांच्या दोन प्रती जास्त काढून ठेवल्यास हे काम एका फेरीत होते.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. सकाळच्या गाडीने भाजी व फुले घेऊन मुंबईच्या उपनगरांत जाणाऱ्या वसईच्या स्त्रिया स्वतःचा व्यवहार स्वतः करतात. फोन त्यांच्या हातात, गिऱ्हाईक त्यांचे, पण सिम नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असले, तर क्रमांकावर कायद्याने त्यांचा हक्क नाही. पोर्ट करावयाचे असो वा नसो, बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपले सिम कोणाच्या नावावर आहे याची खात्री करून घेणे इष्ट होय.

संकेत कोणास सांगू नये

आठ चिन्हांचा तो संकेत म्हणजे शेताच्या फाटकाची किल्ली समजावी. तो फक्त नव्या कंपनीच्या दुकानात, समोरासमोर, आपल्या उपस्थितीत द्यावा. ‘आपल्या क्रमांकाची सेवा बंद होणार आहे, आलेला संकेत सांगा’ असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा. तसेच आपण न पाठविलेल्या पोर्टच्या संदेशास उत्तर म्हणून १९०१ वरून संकेत आला, तर कोणीतरी आपल्या फोनवरून खोडी केली आहे असे समजून त्याच दिवशी कंपनीस कळवावे. अचानक फोनची रेंज जाऊन ती परत न आल्यासही प्रथम दुसऱ्याच्या फोनवरून बँकेस कळवावे, आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. तेथे पहिल्या काही तासांत केलेली तक्रारच बहुधा उपयोगी पडते.

तक्रार व निगा

संकेत असूनही अर्ज नाकारला, किंवा मुदतीत बदल झाला नाही, तर नव्या कंपनीच्या तक्रार केंद्रात, १९८ वर, तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तोंडी सांगून गप्प बसू नये. तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अर्ज करता येतो. त्यास शुल्क नाही. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवीत नाही, म्हणून तिच्या कार्यालयास पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. अपिलाचाही उपयोग झाला नाही तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळावर दूरसंचार विभागाकडे अर्ज करण्याची वाट मोकळी असते.

पोर्ट न करता घरात पडून असलेल्या दुसऱ्या सिमची निगाही येथेच सांगणे योग्य होईल. मार्च २०१३ पासूनच्या नियमाप्रमाणे सलग नव्वद दिवस कोणताही वापर झाला नाही तर कंपनी प्रीपेड क्रमांक बंद करू शकते. मात्र खात्यात वीस रुपये शिल्लक असल्यास ते कापून घेऊन तो तीस दिवस पुढे चालू ठेवावा लागतो. म्हणून बँकेस किंवा आधारास जोडलेले पण रोज न वापरलेले सिम ज्यांच्या घरी असेल, त्यांनी त्यात वीस रुपयांहून अधिक शिल्लक ठेवावी व महिन्यातून एकदा त्यावरून घरच्या घरी एक फोन लावावा. आणि ज्याचा उपयोग खरोखर संपला आहे तो क्रमांक बंद करण्यापूर्वी बँक, आधार व शेतकरी ओळख क्रमांक या तिन्ही ठिकाणी आधी नवा क्रमांक नोंदवून घ्यावा, मगच जुने सिम मोडावे.